बुधवारचे दिवे

गाणारा गाऊ लागला की भिकनआप्पा हार्मोनियमच्या लाकडावर उजवा हात पालथा ठेवून उभे राहत. डोळे गाणाऱ्याच्या तोंडावर, मान किंचित कललेली, हात पेटीवर. टीव्हीच्या पडद्यावर ते फार छान दिसे. आमच्या लाइनीतल्या बायका म्हणत, "आप्पाची ऐट तर बघा, जसा मोठा गवई!" पहिलं वर्षभर मलाही ती ऐटच वाटली.

मोठ्या वाहिन्यांवरचा एखादा जुना गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम नव्या सजावटीसह पुन्हा सुरू झाला, की माझी मुलगी मला विचारते, "बाबा, चालेल का हो हा पूर्वीसारखा?" मी हिशेबाचा माणूस. आकडे हातात नसताना मत देत नाही. पण असा एक कार्यक्रम उतरताना आणि त्याला वर ओढणारा माणूस मी जवळून पाहिला आहे. तो कार्यक्रम सुरतेच्या बाहेर कोणाला ठाऊक नव्हता. सुरतेतही आमच्या सोसायटीबाहेर नव्हता.

उधन्याकडून भेस्तानकडे जाताना डाव्या हाताला आमची सोसायटी लागे. सुमारे तीनशे घरं, सहा लाइनी, भिंतीला भिंत लागून. बहुतेक माणसं धुळे-जळगावकडची, पुरुष पॉवरलूमवर आणि बायका घरी साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या. भिकनआप्पा वीस वर्षं लूमवर होते. गल्लोगल्ली केबल आली त्या सुमारास, एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या काळात, त्यांनी लूम सोडला, गच्चीवर डिश बसवली आणि सोसायटीत वायर फिरवली. गच्चीखालच्या खोलीत यंत्रं ठेवली. त्यांच्याकडे एक रिकामी वाहिनी होती. इतर केबलवाले तिच्यावर कॅसेट लावून सिनेमे दाखवत. आप्पांनी दर बुधवारी संध्याकाळी आठ वाजता 'आपला गळा' सुरू केला. बुधवार अशासाठी की आमच्या भागातल्या लूमना वीज-सुट्टी बुधवारची होती. त्या दिवशी पुरुषमाणूस घरी सापडे.

कार्यक्रम साधा होता. एका स्टँडवर कॅमेरा, समोर सतरंजी, पेटीवर भजनी मंडळातले दगाबुवा. गाणारे आपलेच. कोणी बॉबिन भरणारा, कोणी भाजीवाली, कोणी कारखान्याचा वॉचमन. गाणं झालं की आप्पा कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचे, "आवडनं व्हई तं दिवा लावा भो!" ज्यांना आवडलं असेल त्यांनी ओट्यावरचा बल्ब तीनदा लावायचा-विझवायचा. आप्पा गच्चीवर जाऊन बघत आणि आल्यावर सांगत. ज्याला जास्त दिवे, त्याला स्टीलची कळशी. शेवटी आप्पा गच्चीवरचा आपला मोठा बल्ब तीनदा लावत. तो सगळ्यांना नमस्कार.

पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये मी हिशेब बघत होतो, म्हणून आप्पा मला गुजराती रिवाजाप्रमाणे मेहताजी म्हणत. पहिल्याच महिन्यात घरी आले आणि म्हणाले, "मेहताजी, मी मोजस तं लोके म्हनतस, आप्पानी वशिला लावा. तुम्ही मोजा. तुम्हनावर कोनी बोट नही दखाडाव." तेव्हापासून दर बुधवारी मी त्यांच्या गच्चीवर. एका लाइनीवरून नजर फिरवायची, मग दुसरीवरून. सवयीने ते जमू लागलं. माझी बायको मंदा म्हणायची, "लोकांच्या घरचे दिवे मोजायला जाता, आपल्या ओट्यावरची ट्यूब महिनाभर फडफडतेय, ती दिसत नाही." आमच्या ओट्यावर बल्ब नव्हता, ट्यूब होती. ती लागायला वेळ घेई. आप्पा त्यावरून चिडवत, "मेहताजींना घरनं मत, गानारा घर गया की मंग येस."

चांगल्या दिवसांत दोनशेच्या वर दिवे मी मोजले आहेत. सहाही लाइनी एकदम लुकलुकत, आणि कोणाच्या लग्नातही न दिसेल अशी रोषणाई होई. लोक किती गुंतलेले असत ते एका बुधवारी कळलं. माइकची वायर सैल झाली आणि आवाज गेला. पाच मिनिटं झाली नाहीत तोच आप्पांच्या दाराखाली पन्नासेक माणसं जमली. एकजण ओरडत होता, "आप्पा, मुकासनं लगीन लायं का?" दुसरा म्हणाला, "मनी बायको गाई ऱ्हायनी ना भो, वायर जोड! घरमा कधी मुकी ऱ्हास नही, आजच झायी!" सगळे हसले. आप्पा मात्र खिडकीत उभे राहून काहीच न समजल्यासारखे बघत होते.

त्याच दिवशी मला ती गोष्ट कळली. मी जिन्यातून दोन-चार हाका मारल्या, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. आप्पांच्या बायको, कलावहिनी, मागून वर आल्या. म्हणाल्या, "भाऊ, त्यासले मांगून हाक मारू नका. समोर जाईसन बोला. वीस वरीस लूमवर ऱ्हायनात. कान कवयच गयात."

लूमवाल्यांचे कान जातात हे मला माहीत होतं. आमच्या सोसायटीत सगळेच मोठ्याने बोलत आणि टीव्ही इतके मोठे लावत की रस्त्यावरून चालताना घरातल्या बातम्या ऐकू याव्यात. पण गाण्याचा कार्यक्रम चालवणाऱ्याला गाणं ऐकू येत नाही, हे मनाला पटेना. मी आप्पांना समोर बसवून विचारलं. ते हसले. पेटीवर हात ठेवून त्यांनी मला दाखवलं. लाकूड थरथरतं, त्यावरून गाणं चाललंय की थांबलंय एवढं त्यांना कळे. बाकी सगळं गाणाऱ्याच्या तोंडावरून.

"गानं कसं झायं ते माले कान सांगत नही, मेहताजी. दिवा सांगस."

मग हा उद्योग कशाला, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, "खात्यामा मना बाजूना लूमवर एक जन व्हता. वीस वरीस गानं म्हनी. माले त्यानं तोंड दिसे. गानं कोनलेच ऐकू ये ना. त्याले बी नही. इतला लोके गातस भो, आनि ऐकनारं कोनी नही. म्हनीसन."

वहिनी त्यांचे कान होत्या. त्या खाली घरातल्या टीव्हीसमोर बसत. वरच्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज बंद ठेवावा लागे, नाहीतर माइक शिट्टी मारी. आवाजात बिघाड झाला तर वहिनी जिन्यातला बल्ब लावत-विझवत आणि आप्पा वायर तपासत. त्या दिवशी त्या दळण आणायला गेल्या होत्या.

लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात बोलता येत नाही. कामगार हातांनी बोलतात. आप्पांनी ते हात कार्यक्रमात आणले होते आणि लोकांना तेच फार आवडे. गाणारा अडखळला की ते तर्जनी वाकडी करत, म्हणजे तार तुटली. लगेच दोन बोटं एकमेकांवर घासत, म्हणजे जोड. गाणं अर्ध्यात सोडून कोणी खाली मान घातली तर म्हणत, "तार तुटनी तं जोड. मशीन बंद नको करू." हे वाक्य सोसायटीत सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. नवरा-बायकोच्या भांडणातही ऐकू येई. पोरं-बायकांनाही ते हात येऊ लागले. मलाही आले.

प्लेगच्या वर्षी सुरत रिकामी झाली. आमच्या लाइनीही ओस पडल्या. आम्ही राहिलो, कारण मंदाचे दिवस भरत आले होते. आप्पाही राहिले. त्या दिवसांतल्या बुधवारीही त्यांनी कार्यक्रम केला, दगाबुवा गावी गेलेले, म्हणून पेटीशिवाय. मोजायला गच्चीवर जायची गरज नव्हती, दिवे बोटांवर मोजण्याइतके होते. महिन्या-दोन महिन्यांत माणसं परतली आणि दिवेही परतले. आप्पांनी त्यातून एक धडा घेतला आणि तो त्यांना पुढे फार महाग पडला. लोक जातात आणि आपणहून परत येतात, असं ते धरून चालले.

मोठ्या वाहिनीवर गाण्याची स्पर्धा सुरू झाली ती त्याच्या पुढे. झगमगीत सजावट, वाद्यवृंद, शिकलेले गळे, मोठमोठे परीक्षक. दिवस बुधवार, वेळ आठची. पहिल्या आठवड्यात आमचे दिवे निम्मे झाले. मी आकडा सांगितला तेव्हा आप्पा म्हणाले, "नवी नवरी शे. दोन दिन लोके दखतीन." दोन महिने झाले. दिवे साठ-सत्तरवर आले. बॉबिनवाला सुक्या, ज्याने आमच्याकडे तीन कळश्या जिंकल्या होत्या, मला रस्त्यात म्हणाला, "मेहताजी, खरं सांगू? तिकडे जिंकलं तर मुंबई. इकडे जिंकलं तर कळशी. घरात तीन आहेत, चौथीत काय भरू?"

मग आप्पांनी जे जे केलं ते बघवत नव्हतं. एका शाळेचे संगीतशिक्षक परीक्षक म्हणून आणले. त्यांनी पहिल्याच दिवशी वॉचमनला सांगितलं, "तुम्हाला सुराचं अंग नाही." वॉचमन पुन्हा आला नाही, त्याच्या लाइनीचे दिवेही आले नाहीत. पेटीवर हात ठेवून उभं राहणं जुनाट दिसतं, असं कोणी सांगितलं म्हणून आप्पा हात बांधून उभे राहू लागले. गाणं कधी संपलं ते त्यांना कळेना. गाणारा गप्प झाल्यावरही ते मान डोलवत राहत, आणि घरोघरी लोक हसत. चकाकणारा कोट शिवला. तो भर उन्हाळ्यात, पंख्याशिवाय, कारण पंख्याचा आवाज माइकमध्ये येई. घामाने त्यांचा चेहरा पडद्यावर तेलकट दिसे.

सगळ्यात मोठी चूक दिवसाची. समोरासमोर टक्कर नको म्हणून त्यांनी कार्यक्रम रविवारी नेला. "आख्खा हिंदुस्थान रविवारी टीव्ही दखस," म्हणाले. मी म्हटलं, "आप्पा, हिंदुस्थान बघतो. आपले लूम रविवारी चालू असतात." त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. वीस वर्षं बुधवारच पाळला होता त्यांनी. पण पाण्यात पडलेला माणूस गवताची काडीही धरतो. रविवारी निम्मे पुरुष खात्यावर, आणि घरच्या बायका डबे करण्यात. चार रविवारांनी ते बुधवारी परतले. तोवर उरलेल्यांचीही सवय मोडली होती.

आता दिवे वीसच्या आत होते. आप्पा ते मानायला तयार नव्हते. म्हणायचे, "दखतस सगळा. दिवा लावाना कंटाळा करतस." एका बुधवारी त्यांनी आदल्या दिवशी भरलेली कॅसेट लावली आणि मला म्हणाले, "चला मेहताजी, फिरीसन दखू." आम्ही पहिल्या लाइनीपासून चालू लागलो. उकाड्याने सगळ्यांची दारं उघडी. प्रत्येक घरात टीव्ही चालू, पडदा दाराआड, फक्त भिंतींवर निळा उजेड हलतोय. आप्पांची पावलं जमिनीवर पडत नव्हती इतके ते खूश झाले. मोठ्याने म्हणाले, "दखा! दखा! घरोघर चालू शे! मी सांगत नव्हतो?"

मला ऐकू येत होतं. पहिल्या घरातून त्या मोठ्या वाहिनीवरचं गाणं, दुसऱ्या घरातून तेच, तिसऱ्यातून तेच. टीव्ही इतके मोठे होते की लाइनीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालताना त्या गाण्याची एक ओळही माझी चुकली नाही. आणि माझ्या शेजारी तो माणूस प्रत्येक दारातल्या उजेडाकडे बघून हात जोडत होता.

सहावी लाइन संपेपर्यंत मी चालत राहिलो, कारण मोजणी पुरी व्हायची होती. मग खांबाच्या दिव्याखाली त्यांना थांबवलं. मोठ्याने सांगितलं असतं तर सगळ्या लाइनीला ऐकू गेलं असतं. मी दोन्ही मुठी वळल्या आणि एकमेकींभोवती फिरवल्या. खात्यात याचा अर्थ, बीम संपला. लूमवर गुंडाळलेला सगळा ताणा सरला.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "आख्खा?"

मी होय म्हणून मान हलवली. दोन घरं सोडून. एक त्या दिवशीच्या गाणारणीचं, दुसरं आमचं.

त्यांनी खांबाला हात लावला. मग म्हणाले, "प्लेगमा बी गया व्हतात. परत उनात ना?"

"तेव्हा घर सोडून गेले होते, आप्पा. घरासाठी परत आले. आता घरात बसून गेलेत."

हे मी बोलायला नको होतं असं वहिनी नंतर म्हणाल्या. मला अजून तसं वाटत नाही.

त्यात शहरातल्या एका मोठ्या केबल कंपनीने छोट्या केबलवाल्यांच्या लाइनी घ्यायला सुरुवात केली. आप्पांचीही घेणार, हे ठरल्यासारखं होतं. वायर गेल्याचं त्यांना दुःख नव्हतं. त्यांनी एकच मागणं घातलं, बुधवारचा तास तेवढा राहू द्या. कंपनीचा माणूस तरुण, गुजराती, बोलायला गोड. म्हणाला, "पण काका, जुए छे कोण?" कोण बघतं, हाच प्रश्न. आप्पा म्हणाले, दिवे मोजा. त्याला गंमत वाटली. शेवटी तो म्हणाला, "चलो, आधे से ज्यादा घर हुए तो घंटा आपका. पण गिनेगा कौन?" आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. मिलमुळे तो मला ओळखत होता. "मेहताजी बोलेंगे वो मान लूंगा," म्हणाला. पुढच्या महिन्यातला दुसरा बुधवार ठरला.

लूमवर जुना बीम संपला की नव्या बीमची प्रत्येक तार जुन्या तारेच्या टोकाला हाताने गाठ मारून जोडतात. हजारो तारा, वाकून बसून, एकेक. आप्पा म्हणाले, "बीम सरना तं काय झायं? सांधू." आणि ते खरोखरच घरोघर फिरू लागले. रोज संध्याकाळी अर्धी-अर्धी लाइन. ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, म्हाताऱ्यांची चौकशी करायची आणि उठताना हात जोडून म्हणायचं, "दुसरा बुधवारले आपलं दखज्यात, भो. एकच दिन." नाही कोणीच म्हटलं नाही. म्हणणार कसं? कारखाने बंद पडले तेव्हा पैसे थकले म्हणून ज्या माणसाने एका घराचीही वायर तोडली नव्हती, तो दारात उभा राहून मागत होता. बायका त्याच्या पाया पडत. "आप्पा, तुम्ही कशाला आले? निरोप धाडायचा. दिवा लावणारच." मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलो आणि नंतर जाणं सोडलं. माझ्याच्याने ते हात जोडणं बघवेना.

गायला मात्र कोणी मिळेना. सुक्या वाद्यवृंदात लागला होता, तो त्या बुधवारी कामरेजला लग्नात. भाजीवालीचा घसा बसलेला. ठरलेल्या तिघांनीही आयत्या वेळी सांगून पाठवलं. मंगळवारी दुपारी आप्पा डोकं धरून बसले होते. वहिनी पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "मी म्हनस."

"तू?"

"आखाजीना झोकावरलं म्हनस. तुम्ही काय, तुम्हले थोडंच ऐकू येनार शे!"

आप्पा कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसले. वहिनी माहेरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर गौराईची गाणी म्हणत, असं मंदाने ऐकलं होतं. आप्पांनी ती ऐकली होती लग्नानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत, लूमवर लागायच्या आधी. मग कान गेले.

त्या बुधवारी मी आधीपासून गच्चीवर जायचं नाही असं ठरवलं. मोजणाऱ्याने आधी कार्यक्रम पाहावा आणि मग वर जावं, नाहीतर कंपनीचा माणूस म्हणेल तुम्ही पाहिलाच नाही. आठला मी आणि मंदा टीव्हीसमोर बसलो. चित्र आलं. वहिनी हिरव्या लुगड्यात, डोक्यावर पदर, सतरंजीवर ताठ बसलेल्या. मागे आप्पा. कोट नव्हता. साधा सदरा, आणि उजवा हात पुन्हा पेटीवर. दगाबुवांची बोटं फिरू लागली. वहिनींचं तोंड उघडलं.

आवाज नव्हता.

मी बटण पुरं फिरवलं. मंदा म्हणाली, "आपला बिघडला का?" दुसरी वाहिनी लावली, ती खणखणीत. पुन्हा इकडे. वहिनी गात होत्या, गळ्याची शीर ताणलेली दिसत होती आणि खोलीत शांतता. वायर माइकमधून निघाली असणार. आणि ते सांगणारी बाई आज खाली टीव्हीसमोर नव्हती. ती माइकसमोर बसली होती.

मी वाट पाहिली. कोणीतरी ओरडेल, दाराखाली माणसं जमतील. बाहेर येऊन ऐकलं. शेजारच्या घरातून त्या मोठ्या वाहिनीवरचं गाणं येत होतं. पलीकडूनही तेच. मी चपला घातल्या आणि धावत सुटलो.

अर्ध्या वाटेवर ती गाणी एकदम थांबली आणि घराघरांतून साबणाची जाहिरात ऐकू येऊ लागली. आणि दिवे लागले. माझ्या दोन्ही बाजूंना, पुढे, मागे, ओट्यांवरचे बल्ब लागत-विझत होते. ओट्यावर कोणीच नव्हतं. दाराच्या चौकटीतून एक हात बाहेर येई, बटण तीनदा खालीवर करी आणि आत जाई. कोणाच्या हातात लाटणं होतं, कोणाच्या हाताला साडीचा डिंक. सगळ्यांना आठवण होती. सगळ्यांनी शब्द पाळला.

आप्पांच्या जिन्यात मला वहिनींचं गाणं ऐकू आलं. अजून संपलं नव्हतं. पन्नाशीतल्या बाईचा इतका स्वच्छ गळा मी पुन्हा ऐकलेला नाही. पण थांबायला वेळ नव्हता. आप्पा खोलीत नव्हते. खिडकीतून दिवे दिसताच ते पेटीवरचा हात काढून गच्चीवर गेले होते. मी वर पोचलो तेव्हा कठड्याला धरून उभे, आणि सहाही लाइनी त्यांच्यासमोर लुकलुकत होत्या.

"मेहताजी! गानं सराना आगोदर दिवा लावतस! इतलं आवडनं त्यासले! मोजा, मोजा लवकर!"

मी मोजले. मोजायचं काम होतं, म्हणून आधी ते केलं. निम्म्यापेक्षा पुष्कळ जास्त. पहिल्या वर्षीपेक्षाही जास्त. मग मी त्यांच्यासमोर गेलो, तोंडापाशी मूठ धरून माइक दाखवला आणि तर्जनी वाकडी केली.

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. "कवय तुटनी?"

"पहिल्यापासून. आवाज गेलाच नाही."

"सांगाले कोन उनं?"

"मी."

ते कठड्यावरून खाली वाकले. जिथे एके काळी पन्नास माणसं जमली होती, तिथे कोणी नव्हतं. रस्ता मोकळा. दूरच्या लाइनीत एक-दोन बल्ब अजून लुकलुकत होते, उशिरा आठवलेल्या घरांचे. आप्पा आणखी खाली वाकले. मला वाटलं, त्यांना चक्कर आली. मी दंड धरला. ते सरळ झाले.

"आकडा पुरेसा आहे, आप्पा," मी म्हणालो. "निम्म्याहून जास्त आहे. कंपनीने दिवे मागितले होते." मी खोटं बोलत नव्हतो. दिवे मी मोजले होते.

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहून ते शब्द वाचले. मग नाही अशी मान हलवली. "एक सांगज्यात."

"आप्पा..."

"दिवा कितला ते मी बी दखा. दखनारा कितला? एक. त्यासले एक सांगा."

दुसऱ्या दिवशी मी तसंच सांगितलं. कंपनीचा माणूस फोनवर हसला. "एक? काकानी मजाक छे?" मी म्हटलं, मोजणी माझी आहे. पुढच्या महिन्यात लाइन त्यांच्याकडे गेली आणि रिकाम्या वाहिनीवर सिनेमे लागू लागले. आप्पा तीन वर्षांनी गेले. आजारपणात मी भेटायला जाई तेव्हा आमचं बोलणं निम्मं हातांनीच होई.

पण त्या बुधवारच्या संध्याकाळी ते गच्चीवरून खाली येईचनात. गच्चीवरच्या मोठ्या बल्बच्या बटणापाशी गेले आणि तीनदा लावला-विझवला. "लोकेसनी दिधं," म्हणाले, "ते घेवाले पाहिजे." मग मला म्हणाले, "आते तुम्ही घर जा. टीव्हीसमोर बठा."

"कशाला?"

त्यांनी दोन बोटं एकमेकांवर घासली.

मी घरी गेलो. मंदा अजून तशीच बसली होती. पडद्यावर आप्पांची पाठ दिसत होती, माइकपाशी वाकलेली. एकदम खरखर झाली आणि दगाबुवांचं खोकणं ऐकू आलं. आप्पा जाऊन पेटीवर हात ठेवून उभे राहिले. वहिनींनी पदर सारखा केला आणि तेच गाणं पहिल्यापासून म्हटलं. आम्ही दोघं ते शेवटपर्यंत ऐकत बसलो. शेजारच्या टीव्हीचा आवाज मोठा होता, म्हणून मंदाने उठून आमचा आणखी मोठा केला.

गाणं संपल्यावर आप्पा कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "आवडनं व्हई तं दिवा लावा."

मी ओट्यावर जाऊन बटण दाबलं. सगळ्या लाइनी अंधारात. आमची ट्यूब फडफडली, पुन्हा फडफडली आणि मग लागली. तीनदा लावायला बराच वेळ गेला. आप्पांच्या गच्चीकडे बघत मी तिथेच उभा राहिलो. वरचा मोठा बल्ब तीनदा लागला आणि विझला.